शटडाऊनमधील वेतन व नोकरीचे संरक्षण (अमेरिका)

अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) खर्चाची विधेयके किंवा निदान तात्पुरती तरतूद मंजूर केली नाही, तर अनेक खात्यांचे काम थांबते. यालाच शटडाऊन म्हणतात. मंजुरीवाचून खर्च करण्यास मनाई करणारा कायदा एकोणिसाव्या शतकातला असला, तरी खाती अशा दिवसांत काटकसरीने कामकाज रेटत असत. १९८० व १९८१ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि कर्मचाऱ्यांचे दोन गट पडले: जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी कामावर यावेच लागणारे आणि सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवलेले. पगार दोघांचाही अडकतो.

थकलेला पगार नंतर मिळे, पण तो काँग्रेसच्या मर्जीने, दर वेळी वेगळा कायदा करून. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस चाललेल्या शटडाऊनमध्ये सुमारे आठ लाख कर्मचारी अडकले. ११ जानेवारीला अनेकांच्या हाती निव्वळ वेतन शून्य दाखवणाऱ्या पगारचिठ्ठ्या आल्या; त्यांत रोज विमाने उतरवणारे हवाई वाहतूक नियंत्रकही होते. १६ जानेवारी २०१९ रोजी झालेल्या कायद्याने दोन्ही गटांना थकीत वेतनाचा हक्क दिला, तोही शटडाऊन संपताच, नेहमीच्या पगारतारखेची वाट न पाहता. मात्र घरभाडे शटडाऊन संपेपर्यंत थांबत नाही, आणि या कायद्याची खरी उणीव तीच आहे. रजेवरच्यांना बेकारी भत्ता मागता येतो, पण मागाहून वेतन मिळाल्यावर तो परत करावा लागतो. संघराज्य कर्मचाऱ्यांना संपाची मुभा नसल्याने बिनपगारी काम नाकारण्याचा मार्गही बंद आहे. तरीही २५ जानेवारीला नियंत्रकांच्या गैरहजेरीमुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी उड्डाणे काही काळ रोखावी लागली आणि त्याच दिवशी कोंडी फुटली.

नोकरी जाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २०२५ मध्ये. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अशा ४३ दिवसांच्या त्या शटडाऊनमध्ये प्रशासनाने सुमारे चार हजार जणांना नोकरकपातीच्या नोटिसा दिल्या. २०१९ च्या कायद्याने थकीत वेतन आपोआप मिळत नाही, असाही युक्तिवाद पुढे आला. कामगार संघटनांच्या अर्जावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या संघराज्य न्यायालयाने कपातीला स्थगिती दिली. शेवटी शटडाऊन संपवणाऱ्या कायद्यातच त्या काळातील कपात रद्द करण्याची, ३० जानेवारी २०२६ पर्यंत नव्या कपातीला मनाईची आणि थकीत वेतनाची तरतूद झाली.

त्याच इमारतींत झाडलोट करणारे, पहारा देणारे आणि उपाहारगृह चालवणारे कंत्राटी कामगार मात्र २०१९ च्या कायद्याच्या बाहेरच आहेत. त्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी काँग्रेसमध्ये विधेयके मांडली गेली आहेत.