गाडीला जादा लाइटी लावताना आणि लावलेल्या लाइटी बिघडल्यावर : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी. आपलं दुकान कराड-चिपळूण रस्त्यावर, म्हणजे खाली उसाची वाहतूक आणि वर कुंभार्ली घाट, त्यामुळं जादा लाइटी लावायला आमच्याकडं वर्षभर गाड्या येतात. पावसाळ्यात हेळवाक सोडलं की धुकं असं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, गणपतीला कोकणात जाणारे आठवडाभर आधी "तेवढे फॉग टाकून द्या" म्हणत येतात, ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरवाले येतात. पण नवीन लाइट लावायला येणाऱ्यांपेक्षा आधी कुठंतरी लावलेली आणि आता मिणमिणणारी, मधेच विझणारी नाहीतर बॅटरी खाणारी लाइट घेऊन येणारे जास्त, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांत दिवा चांगलाच असतो, बिघाड असतो तो वायरीत. तुम्ही नवा दिवा विकत घेऊन पैसे घालवायच्या आधी हे वाचावं म्हणून हा कागद काढलाय.

आधी कुठली लाइट हवी ते ठरवा

फॉग लॅम्प आणि स्पॉट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फॉग लॅम्पचा उजेड रुंद पसरतो आणि वरून कापल्यासारखा सपाट असतो, तो बंपरमधे खाली बसवतात, म्हणजे धुक्याच्या खालून रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसते. स्पॉटचा झोत बारीक आणि लांब जातो. धुक्यात स्पॉट नाहीतर अप्पर लावला तर तो उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. घाटासाठी लाइट हवी असेल तर फॉगच घ्या, पिवळे घेतले तरी चालतील. टपावर लाइटबार लावायचा आग्रह पावसाळी घाटासाठी तरी नको, बोनेटवर पडलेल्या उजेडानंच डोळे दिपतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 111 वा नियम आहे, त्यात गाडीच्या पुढं स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला बंदी आहे, अपवाद म्हणून नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी असेल तरच. त्यामुळं रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही कंपनीनं दिलेल्या जागी फॉग बसवून देतो. शेतात रात्री नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरला मागं-पुढं कामाची लाइट लावतो, पण तिचा स्विच वेगळा ठेवतो आणि रस्त्यावर ती बंद ठेवायची हे सांगूनच देतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला दोन सेकंद काही दिसलं नाही तर घाटात काय होतं ते या रस्त्यावर आपण सगळ्यांनी बघितलंय.

वायर जाड का लागते

थोडा हिशेब करू, अवघड नाही. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टनं भागलं की 9 अँपियरच्या वर करंट. आता बाजारात स्वस्त किटमधे जी बारीक वायर येते ती कित्येकदा अर्ध्या स्क्वेअर एमएमची असते. बॅटरीपासून दिव्यापर्यंत 3 मीटर अशी वायर टाकली तर एकट्या जाणाऱ्या वायरीत साधारण 1 व्होल्ट खपतो, आणि परतीची अर्थची, म्हणजे मायनसची, वायरही तशीच बारीक लांब असेल तर अजून 1. म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असले तरी दिव्याला मिळतात साडेअकरा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो, 10 टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड 30 टक्क्यांनी कमी होतो. गिऱ्हाईक म्हणतं बल्ब डुप्लिकेट निघाला, आणि मग 100 वॅटचा घालतं. करंट अजून वाढतो, वायर तापते, होल्डर वितळतो.

म्हणून अशा जोडीला मेन वायर आम्ही अडीच स्क्वेअर एमएमची टाकतो, तांब्याची, तिच्यात एवढ्याच लांबीला पाव व्होल्टच्या आत खपतं. एलईडी घेतली तर करंट कमी लागतो, 20 वॅटची जोडी साडेतीन अँपियरच्या आतच राहते, तिथं एक-दीड स्क्वेअर एमएमची पुरते.

फ्यूज आणि रिले

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, वीतभर अंतरात. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर वाचवायला असतो, आणि फ्यूजच्या अलीकडं वायर कुठं घासून बॉडीला टेकली तर तिला थांबवणारं काहीच नाही. 9 अँपियरच्या जोडीला 15 चा फ्यूज बरोबर, 30 चा घालून ठेवणं म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच. मागं एक पिकअप आली होती, फ्यूज सारखा उडतो म्हणून वाटेत कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याचा तार पिळून दिला होता. रेडिएटरच्या पत्र्याच्या कडेला वायर घासलेली होती, खरा दोष तो. तार काही उडला नाही, त्याऐवजी हेडलाइटपासून बॅटरीपर्यंतचा सगळा वायरिंग जुडगा एकमेकात वितळून चिकटला, हॉर्न, इंडिकेटर सगळं त्यातच. वायरीची ती घट्ट काळी कांडी अजून दुकानात भिंतीला टांगलीये, आलात की बघा. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की तिसरा घालू नका, त्या लाइटीचा स्विच बंद ठेवा आणि गाडी घेऊन या.

रिले म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. ती नसेल तर सगळा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून जातो आणि काही महिन्यांत स्विच आतून जळतो. रिलेवर नंबर असतात, सगळीकडं तेच: 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून दिव्याकडं, 86 ला स्विचची वायर आणि 85 अर्थ. पाच पायांच्या रिलेत मधला 87ए असतो, तो रिले बंद असताना चालू असतो, त्यावर चुकून दिवा जोडला की स्विच बंद केल्यावर लाइट लागते, हे घरी स्वतः जोडणाऱ्यांकडून फार वेळा होतं.

स्विचला सप्लाय कुठून द्यायचा हा महत्त्वाचा भाग. फॉगला पार्किंग लाइटवरून देतो, म्हणजे लाइट बंद केली की फॉगही आपोआप बंद. लांबचा झोत देणारी लाइट ज्यांच्याकडं परवानगीनं आहे त्यांची अप्परवरून देतो, डिपर केलं की ती विझलीच पाहिजे, समोर गाडी असताना दोन स्विच दाबायला कुणाला सुचत नाही. इथं एक मेख आहे. काही गाड्यांच्या हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच मायनस बाजूनं चालू-बंद होतो. अशा गाडीत 86 ला "अप्परची वायर" म्हणून नेहमीसारखी जोडणी केली तर रिले उलटंसुलटं वागतो नाहीतर उचलतच नाही. माणूस रिले बदलत बसतो, दोन-तीन रिले वाया जातात. तिथं 86 हेडलाइटच्या प्लसला आणि 85 अप्परच्या मायनस वायरला जोडायचा असतो. मीटर (व्होल्ट-करंट मोजायचं मल्टिमीटर) लावून बघितल्याशिवाय वायरीच्या रंगावर जाऊ नका.

अर्थ

आमच्याकडं येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त दोष इथंच सापडतो, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. प्लसची वायर लोक जपून टाकतात आणि अर्थची वायर जवळच्या कुठल्याही बोल्टखाली दाबून मोकळे होतात. तो बोल्ट रंगावर बसलेला असतो, नाहीतर प्लास्टिकच्या बंपर ब्रॅकेटवर. कोकणच्या बाजूला ये-जा असेल तर खारी हवा आणि पाऊस, वर्षात खाली गंज.

एक टेम्पो आला होता, तक्रार अशी की फॉग लावला की इंडिकेटर भरभर मारतो आणि उजव्या बाजूची पार्किंग लाइट अर्धवट पेटते. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) बदलला होता, बल्ब बदलले होते. आम्ही मीटरची लाल पिन दिव्याच्या मायनस टोकाला आणि काळी बॅटरीच्या मायनसला लावली आणि फॉग चालू केला. मीटरवर 2.8 व्होल्ट. तिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. दिव्याचा करंट परत जायला नीट वाट नव्हती म्हणून तो शेजारच्या इंडिकेटर आणि पार्किंगच्या बल्बमधून उलटा वाट शोधत होता. बोल्ट काढला तर लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, खाली कंपनीचा पांढरा रंग तसाच, नुसत्या आट्यांवर कॉन्टॅक्ट मिळत होता. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, नवा लग वायरीवर पक्कडीनं दाबून (क्रिम्प करून) दातेरी वॉशर घालून आवळला, वरून ग्रीस लावलं. मीटर 0.08. इंडिकेटर आपल्या चालीनं मारायला लागला. सामानाचा खर्च चहाच्या बिलाएवढा, आणि त्याआधी त्या माणसाचे फ्लॅशरवर आणि बल्बवर पैसे गेलेले, याचं वाईट वाटतं.

तुमच्याही गाडीत एक लाइट लावली की दुसरी मंद होते किंवा भलतंच काहीतरी पेटतं असं होत असेल तर आधी अर्थ बघा.

नव्या गाड्यांबद्दल एवढंच की बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबलं की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांत बहुधा असतो, तर जादा लाइटची अर्थ थेट त्या टर्मिनलला लावू नका, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, नाहीतर सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. कंपनीची वायर सोलून जोड मारला तर वॉरंटीचा वाद होऊ शकतो, म्हणून आम्ही कपलरवाला, म्हणजे वायर न सोलता खटक्यानं जोडता येणारा, किट वापरतो. आणि पिवळ्या पाइपमधली किंवा पिवळ्या कपलरची वायर एअरबॅगची असते, तिला टेस्ट लॅम्प काय, हातसुद्धा लावू नका.

बंद पडली तर घरी काय बघाल

स्विच दाबा आणि रिलेवर बोट ठेवा. टक असं जाणवलं तर स्विचची बाजू ठीक आहे, दोष फ्यूजकडून दिव्याकडं जाणाऱ्या वाटेत किंवा अर्थमधे. टक होत नसेल तर स्विचचा सप्लाय, 86 आणि 85 बघा. फ्यूज नुसता बघून ठरवू नका, काढून मीटरनं तपासा, बारीक भेग डोळ्याला दिसत नाही. दोन्ही दिवे एकदम गेले तर फ्यूज, रिले, स्विच किंवा दोघांची मिळून असलेली अर्थ, एकच गेला तर त्याच दिव्याचा बल्ब, कपलर, अर्थ.

आणि व्होल्टेज मोजताना दिवा जोडलेला आणि चालू ठेवून मोजा. हे फार जण चुकतात. कपलर काढून मोजलं की मीटर साडेबारा दाखवतं आणि माणूस म्हणतो सप्लाय तर येतोय. एका गाडीत आम्ही वायर सोलली तर आत सगळे तार हिरवे होऊन तुटलेले, एकच धागा शिल्लक. मीटरला लागणारा नखभर करंट त्या एका धाग्यातून आरामात जातो, दिवा जोडला की तिथंच 4 व्होल्टवर आला. बॅटरीच्या प्लसवर एक पिन आणि दिव्याच्या प्लसवर दुसरी, दिवा चालू, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर त्या वाटेत कुठंतरी अडथळा आहे. मग फ्यूज होल्डर, रिले, जोड अशी एकेक पायरी पुढं सरकत मोजत जा, जिथं आकडा उडी मारतो तिथं दोष.

खड्ड्यात आपटली की विझते आणि परत लागते, हा लूज कॉन्टॅक्ट. इंजिन चालू ठेवून वायरिंग हातानं हलवत जा, पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेवून. पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेला जोड दिसला तर तोच दोषी धरा. पट्टी उन्हात सुटते, पाणी आत जातं. क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) घालायला दोन मिनिटं लागतात.

सकाळी बॅटरी उतरलेली

फॉगचा स्विच थेट बॅटरीवरून घेतला असेल आणि रात्री चालू राहिला तर 110 वॅटचे दिवे 35 एएचची (अँपियर-तासाची) बॅटरी तीन-चार तासांत झोपवतात, हे लगेच कळतं. न कळणारा प्रकार वेगळा: दिव्याचा कपलर निघालाय म्हणून लाइट लागत नाही, माणूस स्विच तसाच सोडतो, आणि रिलेची कॉइल दिवसरात्र 0.15 अँपियर ओढत राहते. दिवसाला 3.6 एएच. आठवड्यात सेल्फ मारत नाही आणि सगळे बॅटरीला दोष देतात. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर बॅटरीतून 50 मिलीअँपियरच्या वर करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून बघायचं, कुठला काढल्यावर आकडा पडतो. मीटर सिरीजमधे 10 अँपियरच्या भोकात लावायचं आणि त्या वेळी सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतं. जमत नसेल तर राहू द्या, आम्ही करतो.

जुन्या दुचाक्यांचं वेगळं आहे, कित्येक मॉडेलांत हेडलाइट बॅटरीवर नसतेच, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या, एसीवर चालते. त्या वायरीला एलईडी जोडली की ती फडफडते आणि लवकर जाते. बॅटरीवरून वेगळी वायर टाकावी लागते, आणि एवढीशी बॅटरी असते तिच्यावर भारी लाइट टाकू नका.

किरकोळ गोष्टी दोन-तीन. लाइट लावली की एफएमला खरखर येत असेल तर ती स्वस्त एलईडीच्या आतल्या सर्किटची असते, वायरिंग उचकटू नका. हॅलोजन बल्बची काच बोटांनी धरू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, कपलरमधे शिरत नाही. उंदरांसाठी बोनेटमधे तंबाखू ठेवतात, वास आहे तोवर थोडाफार उपयोग होतो, पण वायर फ्लेक्झिबल पाइपमधून नेलेलीच बरी.

गाडी घेऊन येताना जळालेला फ्यूज आणि काढलेला बल्ब टाकून देऊ नका, बरोबर आणा, त्यावरून खूप कळतं. कधी बिघडतं तेही लक्षात ठेवून सांगा, पावसात, खड्ड्यात, का इंजिन तापल्यावर. फोकस सेट करायचा असेल तर अंधार पडल्यावर या, समोरच्या भिंतीवर खुणा करून ठेवल्यात, दिवसा तो अंदाजपंचे होतो. आणि पिकअप असेल तर नेहमीचा माल भरूनच आणा, रिकाम्या गाडीवर सेट केलेला झोत मागं वजन पडलं की वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात बसतो.