डोळे घारे, आडनाव कोणतं?

माझ्या धाकट्या मामाचे डोळे घारे आहेत. फोंड्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पणजीत जुन्या पोर्तुगीज वळणाच्या फोंताइन्हासच्या गल्लीत तो स्कूटर लावून उभा राहिला, की पर्यटक वळून बघतात. मागच्या डिसेंबरात एका बाईंनी विचारलंच, "तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?" मामाने माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "पाखलो न्हय, फोंड्याचो म्हूण सांग." पाखलो म्हणजे गोरा फिरंगी.

मामाचं आडनाव चित्पावनी. ते कळलं की लोक म्हणतात, "हां, कोकणस्थी डोळे!" आणि विषय संपतो. अगदी तसेच डोळे एखाद्या फर्नांडिसचे असले, तर त्याच्या खापरपणजीच्या आसपास कुठेतरी एक पोर्तुगीज शिपाई उभा केला जातो. डोळे तेच, खुलासा मात्र आडनाव बघून!

घाऱ्या डोळ्यांत हिरवा किंवा निळा असा वेगळा रंग नसतोच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन हे तपकिरी द्रव्य कमी असलं, की प्रकाश विखुरतो आणि डोळे फिके दिसतात. मेलॅनिन किती तयार व्हायचं, याची मोठी कळ पंधराव्या गुणसूत्रावर आहे. तिथल्या एका जनुकातला छोटासा बदल शेजारच्या जनुकाचं काम मंदावतो. हा बदल युरोपात सर्वाधिक आढळतो, पण पश्चिम आशियातून भारतापर्यंत तो तुरळक पसरलेला आहे.

गोऱ्या कातडीचंही तसंच. २००५ साली झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या फिकट पट्ट्यांचा शोध घेताना शास्त्रज्ञांना एसएलसी-२४-ए-५ या जनुकाचं काम उमगलं. माणसातही त्याचा एक प्रकार कातडी उजळ करतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१३ साली दाखवलं, की भारतीयांतला आणि युरोपीयांतला हा प्रकार एकाच उगमाचा आहे आणि त्याचं वय २२ ते २८ हजार वर्षं आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली. म्हणजे गोऱ्या रंगाचं श्रेय पोर्तुगिजांना देणाऱ्यांनी काळाचा हिशोब एकदा करून बघावा.

अल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं, हे खरंच. अशा शिपायांना 'कझादो' म्हणत, संततीला 'मेस्तिसो'. पण गोव्यातली बहुतेक पोर्तुगीज आडनावं लग्नातून नाही, बाप्तिस्म्यातून आली. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव अख्ख्या कुटुंबाला चिकटायचं. धर्मांतराच्या त्या काळात मंगेश देव कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला गेला. जे त्याच्याबरोबर गेले नाहीत, त्यांतल्या पुष्कळांची आडनावं बदलली. रक्त होतं तेच राहिलं. गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांच्या डीएनएचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकांची जवळीक गौड सारस्वतांच्या जुन्या शाखेशी निघाली.

मग जे मूठभर पोर्तुगीज खरोखर इथल्या घरांत मिसळले, त्यांचं काय झालं? पत्त्यांचे दोन जोड घ्या, एक लाल पाठीचा म्हणजे पोर्तुगीज, एक निळ्या पाठीचा म्हणजे इथला. पहिल्या पिढीच्या मुलाकडे दोन्ही जोड अखंड असतात. पुढच्या पिढीला देताना ते पिसले जातात आणि निम्मेच पत्ते पुढे जातात. दर पिढीत सलग लाल पत्त्यांचा तुकडा आखूड होतो. दहा पिढ्यांमागे तुमचे १,०२४ पूर्वज असतात, पण त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा एकही पत्ता तुमच्या हातात आलेला नसतो. वंशावळीत नाव आहे, डीएनएत माणूस नाही! पोर्तुगीज इथे ४५१ वर्षं होते, म्हणजे सोळा-सतरा पिढ्या. तेव्हा सुरुवातीच्या काळातला एकुलता एक पोर्तुगीज पूर्वज आज पेशींत सापडेलच, असं मुळीच नाही.

या तुकड्यांची लांबी मात्र घड्याळासारखी वापरता येते. लांब तुकडे म्हणजे मिश्रण अलीकडचं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानातल्या सिद्दींचं उदाहरण बघा. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून पळालेले आफ्रिकी गुलाम. त्यांच्या डीएनएतल्या तुकड्यांवरून स्थानिक लोकांशी मिश्रण सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं ठरलं, आणि आफ्रिकी वाटा अजूनही निम्म्याहून जास्त निघाला. गोव्याच्या मिश्र वारशाबद्दल बोलताना आपल्याला लिस्बन आठवतं, मोझांबिक क्वचितच आठवतं. मला हे खटकतं.

आणि तसं पाहिलं तर अमिश्र कोण आहे? भारतातल्या बहुतेक समूहांत उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन प्राचीन वारसे कमीजास्त मिसळलेले आहेत. २०१३च्या एका अभ्यासाने हे मिश्रण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीचं ठरवलं. त्यानंतर जातीतच लग्नं करायची रीत घट्ट झाली आणि गटागटांतलं मिसळणं जवळपास थांबलं. आमच्या घरातली शुद्धतेची भाषणं त्याच्याही नंतरची.

गोव्यात 'मेस्तिसो' हा शब्द रक्तापेक्षा हुद्द्याचा जास्त होता. १८३५ साली नेवऱ्याचे बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोव्याच्या कारभाराचे पहिले गोमंतकीय प्रमुख झाले. लष्करावर पकड असलेल्या मिश्रवंशीयांनी तीन आठवड्यांच्या आत त्यांना पदावरून हाकललं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली ही माणसं, पण 'इथल्या' माणसाचा हुकूम त्यांना चालेना. हा हिशोब कुठल्या गुणसूत्रावर लिहिलेला असणार?

मामाच्या साठीला पुण्याच्या भाच्याने थुंकी तपासायचा संच पाठवला. मी त्याला सांगितलं, ही तपासणी तुझा डीएनए आजच्या लोकांशी ताडून बघते. 'अमुक टक्के युरोप' आलं, तरी तो पोर्तुगीज पूर्वजच असेल असं नाही. मामाने डबी उलटीसुलटी करून बघितली, फ्रिजवर ठेवली आणि म्हणाला, "थुंकीन सवडीने." आता तिच्यावर त्याचा चष्मा असतो.