लाइन आल्यावर मोटर कुणी सुरू करायची? छंदातल्या मायक्रोकंट्रोलरची पार्श्वभूमी

१९८० साली आलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे होता, पण छंद म्हणून तो घरी नेणारे थोडेच. असेंब्लीत (चिपच्या अगदी जवळच्या भाषेत) लिहा, वेगळ्या प्रोग्रामर यंत्रावर चिप चढवा, चूक निघाली की चिप उपसून पुन्हा तेच. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेयात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी अर्दुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार झाला आणि यूएसबी केबलवर काम भागू लागले.

सॉफ्टवेअरवाले मोठ्या संख्येने ओढले गेले ते २०१४ च्या ईएसपी८२६६ या वायफायच्या चिपनंतर. काही शे रुपयांच्या बोर्डावर वायफाय आले. सुरुवातीला ही चिप दुसऱ्या बोर्डाला जोडून एटी कमांडवर (मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञांवर) मोडेमसारखी वापरत. २०१५ पासून अर्दुइनोच्याच आयडीईतून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) थेट तिच्यावर कोड टाकता येऊ लागला. एचटीटीपी, जेसन, एमक्यूटीटी हे नेटवरून माहितीच्या देवाणघेवाणीचे प्रकार त्यांच्या ओळखीचेच होते. २०१६ मध्ये ईएसपी३२ आली, पुढे मायक्रोपायथनही (चिपवर चालणारी पायथन भाषा) रुळले. करोनाच्या काळात लॅपटॉप घेऊन गावी आलेल्यांनी एलईडी लुकलुकवून झाल्यावर साहजिकच वावरातल्या मोटरकडे पाहिले.

तिथे वाद आधीपासूनच होता, ऑटो स्विचचा. शेतीची थ्री फेज लाइन पाळीपाळीने रात्रीही येते. ओलितासाठी साप-रानडुकरांच्या वाटेने अंधारात जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाइन येताच मोटर आपोआप सुरू. वीज कंपनी म्हणते, तो काढा. सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सुरुवातीच्या करंटचा एकदम भार येतो आणि डीपी जळते. तक्रार खरी आहे, उपाय मात्र अर्धवट. दोष आपोआप सुरू होण्यात नसून एकाच वेळी सुरू होण्यात आहे, आणि एवढे तर कोडमध्ये सोडवता येते: लाइन आल्यावर ६० ते ३०० सेकंदांत कधीतरी, प्रत्येक मोटरची वेळ वेगळी.

अर्दुइनोच्या उनो बोर्डावर हेच फसते. सीड (सुरुवातीचा आकडा) दिले नाही तर रँडम फंक्शन प्रत्येक रिसेटनंतर तीच मालिका देते. एकच कोड टाकलेल्या दहा मोटरी दहाही एकाच सेकंदाला उठतील. प्रत्येक बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) वेगळा आकडा लिहून तो सीड म्हणून वापरावा. ईएसपीमध्ये हार्डवेअरचाच रँडम जनरेटर आहे.

दुसरी चूक सॉफ्टवेअरच्या सवयीतून येते: ‘चालू’ म्हणजे पिन चालूच ठेवायचा. डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरला स्टार्ट बटणाला समांतर फक्त दोन सेकंदांचा स्पर्श हवा, पुढे त्यातला कॉन्टॅक्टर (मोठा विद्युतचुंबकीय स्विच) स्वतःला धरून ठेवतो. बोर्डाने चालवलेला रिले (छोटा विद्युतचुंबकीय स्विच) धरून ठेवला तर स्टॉप बटण सोडताच मोटर पुन्हा फिरते. बंद करण्यासाठी दुसरा रिले, त्याचा एनसी (एरवी जोडलेला राहणारा) संपर्क स्टॉपच्या सिरीजमध्ये. शेतीच्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि निळ्या रिलेवर २५० व्होल्ट छापलेले असते. म्हणून मध्ये २३० व्होल्ट कॉइलचे छोटे कॉन्टॅक्टर घालावेत आणि त्यांच्या कॉइलवर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटरचा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी) लावावा, नाहीतर ठिणगीने बोर्ड रिसेट होतो. ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

तीनऐवजी एकच फेज येते त्या सिंगल फेजच्या वेळी चार्जरवरचा बोर्ड जागा असतो आणि मोटर सुरू करायला निघतो. हा निर्णय कोडवर न सोडता एकाच फेजवर मोटर चालू न देणारा फेज प्रिव्हेंटर लावावा, नाहीतर वाइंडिंग जाते. नोडएमसीयूचा (ईएसपी८२६६ च्या तयार बोर्डाचा) डी३ पिनही टाळावा. लाइन येताना तो रिलेच्या सर्किटने खाली ओढलेला असेल तर चिप कोड चालवत नाही, फ्लॅशिंगची (नवा कोड टाकला जाण्याची) वाट बघत बसते. टेबलावर ही अडचण क्वचितच दिसते. डी१, डी२ सुरक्षित.

वावरात वायफाय नसल्याने बरेच जण सिम८००एल या मोबाइल नेटवर्कच्या मॉड्यूलकडे वळले. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत करंट. बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनवरून दिल्यास ते नेटवर्क शोधताना बंद पडत राहते. वेगळा पुरवठा आणि जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. ते फक्त २जीवर चालते, म्हणून निव्वळ ४जी देणाऱ्या कंपनीचे सिम त्यात नोंदणीच करत नाही.