रंग नसलेला डाय

राजारामपुरीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये आत्याला घेऊन बसलो होतो. डोक्याचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन. सिस्टरनं आधी विचारलं, "क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय?" म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी. आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "दुखतंय डोकं, आन् ह्यांना किडनी कशाला?" प्रश्न रास्त होता.

ह्या औषधाला सगळे 'डाय' म्हणजे रंग म्हणतात, पण सिरिंजमधलं औषध पाण्यासारखं नितळ असतं. त्यात गॅडोलिनियम हा धातू असतो. त्याच्या आयनात 7 इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, म्हणून त्याचं चुंबकत्व जबरदस्त.

एमआरआय मुख्यतः शरीरातल्या पाण्याचा हायड्रोजन टिपतो. रेडिओलहरींचा दणका बसला की हायड्रोजनची केंद्रकं आडवी होतात, मग हळूहळू पूर्ववत उभी राहतात. खासबागेत चीतपट झालेला पैलवान सावरून पुन्हा शड्डू ठोकतो, तसं. जो लवकर सावरतो, तो पुढच्या दणक्याला जोरात प्रतिसाद देतो आणि चित्रात उजळ दिसतो. गॅडोलिनियम शेजारच्या पाण्याला लवकर सावरायला लावतं. म्हणजे चित्रात ते स्वतः दिसतच नाही, दिसतं ते पाणी!

निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या हे औषध बाहेर झिरपू देत नाहीत. गाठ किंवा संसर्ग असेल तर भिंती गळक्या होतात, औषध झिरपतं आणि नेमकी तीच जागा लखलखते.

आता किडनीचं. मोकळं गॅडोलिनियम विषारी असतं. त्याचा आयन साधारण कॅल्शियमच्या आयनाएवढा, त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून त्याला एका मोठ्या रेणूच्या पकडीत बांधूनच देतात. असं पहिलं औषध 1988 मध्ये वापरात आलं. किडनी धड असेल तर निम्मं औषध दीडेक तासात रक्तातून जातं, दिवसभरात बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर. किडनी फारच खराब असेल तर मात्र ते रेंगाळतं, पकड सुटू शकते. कातडी दगडासारखी कडक करणाऱ्या एका दुर्मीळ आजाराशी त्याचा संबंध 2006 मध्ये उघड झाला. पकड सैल असलेली काही औषधं युरोपनं 2017 मध्ये थांबवली. कड्यासारखी बंदिस्त पकड असलेली जास्त भरवशाची. म्हणून रिपोर्ट मागितला तर कृपा करून वाद घालू नका, आणि मागितला नाही तर आपणच विचारा.

आत्याचं क्रिएटिनिन 0.9 निघालं, म्हणजे ठीक. वजन 60 किलो, म्हणून औषध 12 मिली. बाहेर आली तेव्हा कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा दाबून धरला होता. म्हणाली, "हातात जरा गार गेल्यागत झालं बघ. बाकी काय न्हाई."