मोठी डिस्क लावली की गाडी लवकर थांबते?

फोक्सवॅगनच्या पहिल्या पिढीच्या गोल्फ जीटीआय गाडीच्या मालकाला हमखास मिळणारा सल्ला: ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवा, गाडी कमी अंतरात थांबेल. तसं होत नाही. पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. पुढचं काम टायरच्या पकडीचं. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, म्हणून ट्रॅकवर ब्रेक लवकर दमत नाहीत. फायदा खरा, पण वेगळा.

मग या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागतं, ते का? ब्रिटनमधल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्रेकचा सर्वो (पायाचा जोर वाढवणारा भाग) डावीकडेच राहिला आणि पेडलपासून तिथपर्यंत आडवा दांडा टाकला. तो दांडा लवतो, त्याच्या सांध्यातले बुश झिजतात. डिस्क बदलून हे कसं सुटणार? उलट जुन्याच मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) मोठ्या पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) चढवले, तर पेडल आणखी खोल जातं.

आधी ब्रेक ऑइल बदला; ते उकळलं की पेडल मऊ पडतं. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो; पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा 155 अंशच आहे. मग दांड्याचे बुश, रबरी होज, चांगले पॅड, टायर. भोकं पाडलेल्या डिस्क? दिसतात छान.