दोन फिटांच्या मधला मेंदू

‘फिट येतात म्हणजे बुद्धी बेताचीच असणार’ हे शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की फार वाईट वाटतं. जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांची बुद्धी चारचौघांसारखीच असते. अडचण येते ती ठरावीक ठिकाणी. कालचं बोलणं आठवत नाही, विचारांचा वेग मंदावतो, शब्द ओठांवर येऊन अडतो. चिमट्याचं चित्र दाखवलं तर माणूस म्हणतो, ‘अहो ते... कपडे वाळत घालताना दोरीवर लावतात ते!’ वस्तू ओळखली, उपयोग सांगितला, फक्त नाव सापडत नाही. फिटांचा उगम डाव्या कानशिलाच्या आतल्या भागात असेल तर हे विशेष दिसतं.

पण एखाद्याला फिट येते महिन्यातून एकदा, तीही दोन मिनिटं. मग एरवी स्मरणशक्तीला काय होतं? ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नीट पाहिला की उलगडा होतो. फिट नसतानाही त्यात मधूनच एखादी टोकदार रेघ उसळते. असंख्य पेशी एकदम पेटल्याची ती खूण, जणू ठिणगीच. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सगळं संपतं, माणसाला पत्ताही लागत नाही.

गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणी घडवणारा भाग दिवसभरातल्या अनुभवांची उजळणी करतो. त्यात बारीक, अतिजलद तरंग उठतात आणि मेंदूच्या बाह्य थरात ‘स्पिंडल’ नावाच्या लहरी. दोन्हींचा ताल जुळला की आठवण पक्की होते. 2016 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ही ठिणगी स्वतःच बाह्य थरात अवेळी स्पिंडल उठवते. म्हणजे निरोप नसतानाच दारावरची घंटा वाजते! ठिणगी आणि स्पिंडल यांची ही जोडी जितकी घट्ट, तितकी उंदरांची स्मरणशक्ती कच्ची. यात बाधा, करणी, कोप कशालाच जागा नाही. ‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींकडेही या ठिणग्यांवर इलाज नाही.

उदासीनं लक्ष लागत नाही, तोही एक भाग. आणि काही वेळा कारण फिटांवरच्या औषधातच असतं. टोपिरामेटनं काहींचे शब्द अडतात, फेनोबार्बिटोननं सुस्ती येते. पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. शब्द अडतात हे डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. टोपिरामेटमुळे हरवलेले शब्द त्यानंतर बहुधा परत येतात.