निळकंठाचा कोरा गळा : पार्श्वभूमी

नागपूरच्या एका चित्रकर्तीच्या पक्षिचित्रांबद्दल दर दसऱ्याला तीच गोष्ट मोबाइलवर फिरते. चित्रात विजेच्या तारेवर बसलेला निळकंठ. पंख, शेपूट, डोकं, चोच सगळं रंगवलेलं, गळ्याची जागा तेवढी कोरी. खाली मजकूर असा, की नवऱ्याला घशाचा कर्करोग झाला, त्याचा आवाज गेला, मग तोही गेला, आणि म्हणून बाईंनी पक्ष्याचा गळा कायमचा रिकामा ठेवला. गोष्ट चांगली आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण तिच्यातल्या सालांचा मेळ लागत नाही.

मी कॉलेजात असताना सीताबर्डीवरच्या एका फ्रेमच्या दुकानात काम करायचो, आणि नोकरी लागल्यावरही काही वर्षं संध्याकाळी तिथे बसायचो. बाईंची चित्रं आमच्याकडेच यायची. त्यामुळे साधारण १९९५ ते २००५ या काळातली चित्रं मी पुढून पाहिली तशी मागूनही पाहिली आहेत, आणि मागे त्या पेन्सिलीने तारीख घालायच्या. कोऱ्या गळ्याची तीन चित्रं मी स्वतः माउंट केली. त्यांच्या मागे १९९८, १९९९ आणि २००२ अशी सालं आहेत. नवऱ्याचा आजार कळला २००६ साली.

पक्ष्यांच्या चित्रांची आपल्याकडची परंपरा जहांगिराच्या दरबारातल्या मन्सूरपासून सांगायची पद्धत आहे. त्यानंतर १७७७ पासून पाचसहा वर्षं कलकत्त्यात एका न्यायाधीशाच्या बायकोने पाटण्याहून आलेल्या चित्रकारांकडून आपल्या बागेतले पक्षी काढून घेतले, तो टप्पा येतो. बाईंचा या परंपरेशी संबंध छापील पुस्तकांपुरताच. त्या काटोलकडच्या, संत्र्याच्या बागांमधल्या. सत्तरच्या दशकात नागपुरात चित्रकला शिकल्या आणि तिथल्याच महाल भागातल्या एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या. शिकत असताना अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या संग्रहालयात, पेंढा भरलेले पक्षी बघून त्यांनी वह्या भरल्या. त्या वह्यांतल्या पक्ष्यांचे डोळे सारखेच आहेत, काचेच्या मण्याचे. ते त्यांनाही ठाऊक होतं.

जिवंत पक्षी आले ते लग्नानंतर. यजमान वीज मंडळात लाइनवर होते. दिवसभर वर बघायचं काम, आणि निळकंठाला बसायला तार आवडते. उंचावरून खाली गवतावर नजर ठेवायची, नाकतोडा दिसला की झेप घ्यायची, परत तारेवर येऊन तो आपटायचा आणि गिळायचा, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. यजमानांनी एक वही ठेवली होती. तिच्यात खांबाचा क्रमांक, तारीख आणि पक्षी. हिंगण्याच्या बाजूचे आणि काटोल रोडचे कितीतरी खांब त्या वहीत आहेत. रविवारी पहाटे स्कूटरवर मागे बाई, मांडीवर फळी, पिशवीत पाण्याची बाटली. दसऱ्याला तर ते अंधारातच निघायचे, कारण उजाडल्यावर दीक्षाभूमीकडे येणाऱ्या माणसांनी रस्ते भरून जातात आणि स्कूटर काढायला जागा उरत नाही.

आता नावाचं प्रकरण. ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण कोऱ्या गळ्याचं मूळ माझ्या मते तिथे आहे.

दसऱ्याला निळकंठ दिसणं शुभ. रावणाला मारण्याआधी रामाला त्याचं दर्शन झालं असं सांगतात. पण या पक्ष्याचा कंठ निळा नाही. गळा आणि छाती फिकट जांभळट तपकिरी असते आणि तिच्यावर पांढुरक्या बारीक रेघा असतात. निळा रंग आहे तो डोक्यावर, शेपटीत आणि मुख्य म्हणजे पंखांत. बसलेला असताना तोही अर्धाअधिक झाकलेला, पक्षी मातकट वाटतो. उडाला की गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे एकदम उघडतात. म्हणून पक्षी बघणारी मंडळी त्याला नीलपंख म्हणतात आणि ते नाव चोख आहे. संस्कृतात तो चाष, त्यावरून मराठीत चास. बाईंच्या आई तास म्हणायच्या. संस्कृतातला नीलकंठ म्हणजे आधी शंकर, मग मोर, आणि पुढे आणखी दोनचार पक्षी, त्यात हाही. भरीला भर म्हणजे खरोखर निळ्या गळ्याचा एक चिमणीएवढा पाहुणा थंडीत आपल्या तळ्यांकाठच्या गवतात येतो, आणि त्याच्याकडे दसऱ्याला कोणी ढुंकूनही बघत नाही. आपल्या निळकंठाचा एक भाऊ मात्र डोक्यापासून पोटापर्यंत निळा असतो. तो काश्मिराकडचा, आणि याच सुमाराला गुजरात-राजस्थानावरून आफ्रिकेला जातो. मूळ नाव त्याला पाहून पडलं आणि मग सरसकट चिकटलं, असा माझा एक अंदाज आहे. अंदाजच.

या नावावरून त्या घरात वर्षानुवर्षं वाद चालला. यजमान नीलपंखवाले. कोणी निळकंठ म्हटलं की म्हणायचे, "काऊन बापा, कंठ पाहिला का त्याचा?" बाईंना निळकंठ हेच नाव आवडायचं आणि ते त्या सोडायला तयार नव्हत्या, पण चित्रात गळा निळा करायलाही तयार नव्हत्या. चित्राखाली नाव लिहायची वेळ आली की दोघांचं अडायचं. दुकानात एकदा मी कोपऱ्यात लावायची नावाची पट्टी मागितली, तर दोघांनी दोन चिठ्ठ्या दिल्या.

१९९७ च्या दसऱ्याला त्यांच्या गल्लीत एक माणूस पिंजऱ्यात निळकंठ घेऊन आला, दर्शनाचे पैसे घेत. असे पक्षी दसऱ्याच्या आधी काही दिवस धरून ठेवतात, पाय बांधतात, उडू नये म्हणून पंख कापतात. १९७२ च्या कायद्याने पक्षी संरक्षित आहे, त्याला धरणं गुन्हा आहे, तरी हा धंदा अनेक ठिकाणी चालतो. यजमानांनी भांडून पक्षी सोडवला, पण त्याला उडता येईना. बुटाच्या खोक्यात ठेवून त्याला नाकतोडे भरवण्याचा प्रयत्न झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला होता. या तीन दिवसांत बाईंनी त्याचा गळा हातभर अंतरावरून पाहिला आणि रंग जुळवायचा प्रयत्न केला. तो कागद मी पाहिला आहे. वीसबावीस चौकोन, प्रत्येकात जांभळा, तपकिरी, राखाडी यांचं वेगळं मिश्रण, आणि प्रत्येकावर फुली.

निळा रंग त्यांना जमला होता, ही गंमत. निळकंठाच्या पंखांतला निळा हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो, पीस कुटून पूड केली तर निळेपण राहत नाही. कागदावर तो आणणं अवघड मानतात. बाई आधी कागदावर पांढरा थर द्यायच्या, तो पूर्ण वाळू द्यायच्या, मग वरून निळ्याचे तीन पातळ हात. खालचा पांढरा वरच्या पाण्यातून झळकायचा. पण मातकट जांभळा गळा काही जमेना. १९९८ चं पहिलं चित्र दुकानात आलं तेव्हा मी विचारलं, "मॅडम, हे राहून गेलं का?" त्या म्हणाल्या, "राहू दे. ठरलं नाही अजून."

त्यांचं या विषयावरचं एवढंच वाक्य मला माहीत आहे. दुःखाचं त्यात काही असलंच, तर ते त्या खोक्यातल्या पक्ष्याचं.

यजमानांना विडी होती आणि खर्राही. विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन घासून घासून करतात तो खर्रा, आणि आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा कुठेच गेलेला नाही, पानठेल्यांवर घोटणं चालू आहे. निदानाला उशीर झाला. एका ठिकाणी कित्येक महिने साधा घसा बसलाय म्हणून औषधं देत राहिले. २००७ साली स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर माणूस गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो, आणि त्या छिद्रावर धूळ जाऊ नये म्हणून पातळ कापड बांधावं लागतं. बाई जुन्या सुती साड्यांचे रुमाल शिवून द्यायच्या, रोज दोन. यजमान पाटीवर लिहून बोलायचे. पोरं पाटी घेऊन शाळेत जायची बंद झाली आणि मी आता सुरू केली, असं त्यांनीच एकदा मला लिहून दाखवलं होतं.

या वर्षांत बाईंनी एकही निळकंठ काढला नाही. घराबाहेर पडणंच होत नव्हतं. मागच्या अंगणात सातभाई यायचे, ते काढले. सातभाई म्हणजे नुसता कलकल, आणि घरात एक माणूस मुका. या चित्रांना कधी चौकटी झाल्या नाहीत. माझ्या मते ती त्यांची सगळ्यात चांगली चित्रं आहेत. ओबडधोबड, घाईत काढलेली, एकमेकांच्या अंगावर चढलेले पक्षी, उघड्या चोची. शोक दिसायचाच असेल तर तो इथे दिसतो. पण सातभाई मातीच्या रंगाचा, त्याच्यावर कोण मजकूर लिहिणार?

यजमान २००९ च्या पावसाळ्यात गेले.

पुढे एका संस्थेने त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि कोऱ्या गळ्याची जुनी चित्रं एका भिंतीवर एकत्र लावली. साल कुठेच नव्हतं. शेजारी यजमानांचा फोटो. उद्घाटनाच्या भाषणात शंकराने विष गळ्यात धरलं वगैरे आलं. तारखा चित्रांच्या मागे होत्या आणि मागची बाजू भिंतीला. बाईंनी हरकत घ्यायला हवी होती, असं त्यांच्या शाळेतल्या काही सहकाऱ्यांचं मत आहे. त्यांनी घेतली नाही. त्यांच्या भाच्याचं म्हणणं, की मामीला ती गोष्ट खोटी वाटतच नसेल, आता तिलाही तसंच आठवत असेल. मला ते पटत नाही. दोन रुपयांच्या पेन्सिलीने दर चित्रामागे तारीख घालणारी बाई अशी विसरत नाही.

त्यानंतरचं सगळं वेगाने झालं. फोटोंवरून पोस्ट, पोस्टवरून छोटे व्हिडिओ. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला, आणि हिंगण्याच्या बाजूचे वहीतले खांब आता ओळखू येत नाहीत. २०२३ साली देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो मोठा अहवाल निघाला, त्यात निळकंठ घटत चाललेल्या पक्ष्यांत आहे आणि त्याच्या धोक्याच्या दर्जाचा फेरविचार व्हावा असं सुचवलं आहे. तेव्हापासून कोरा गळा हा पक्ष्याच्या नाहीसं होण्याचं प्रतीक आहे, असाही अर्थ निघू लागला आहे. चित्र तेच, तिसरा मजकूर.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी पाहिलेली दिसत नाही. यजमान गेल्यानंतर दोनेक वर्षांनी बाईंनी पुन्हा निळकंठ काढायला घेतले. अशी नऊ चित्रं त्यांच्या घरी आहेत. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यांनी ती दिवाणाखालून काढून दाखवली. सगळ्यांचा गळा रंगवलेला आहे. फिकट जांभळट, खाली तपकिरीकडे झुकणारा, आणि त्यावर पांढुरक्या रेघा, ब्रशच्या दोनचार केसांनी ओढलेल्या. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख, आणि तारखेखाली एक आकडा. मी विचारलं तर त्यांनी कपाटातून वही काढून दिली. तो खांबाचा क्रमांक होता.

नाव मात्र सगळ्यांवर निळकंठच घातलं आहे.